पश्चात पत्नी आहे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुमच्याकडे आलेली वाचकांची पत्रं रोज वाचतो, ती बहुतेक खड्डे, घंटागाडी नाहीतर मोकाट कुत्री यावर असतात, त्यात हे माझं कुठं बसेल माहीत नाही. लांबलंय पण बरंच. हवं तेवढं कापा, फक्त शेवटी सोबत जो मजकूर जोडलाय तो कापू नका एवढी विनंती.

तर झालं असं की पंधराएक दिवसांपूर्वी तुमच्या निधन वार्तेत आमच्या बिल्डिंगमधल्या सुभेदार काकांची बातमी आली. चारच ओळी होत्या. नाव, वय ७८, माजी सैनिक, वालदेवीच्या काठी अंत्यसंस्कार झाले आणि शेवटी नेहमीचं वाक्य, त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे. यात चूक आहे साहेब. त्यांच्या पश्चात पत्नी आहे. आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते, वय ७४.

आणि चूक तुमच्या माणसाची नाही, माझी आहे. जेलरोडला माझं झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेचे कागद, निधन वार्ता हे सगळं माझ्याकडूनच टाइप होतं, फॉरमॅट मोबाईलमध्ये सेव्ह असतात. त्या रात्री अकरा वाजले होते, डोकं चालत नव्हतं, मी आधीच्या एका गृहस्थांचा मजकूर कॉपी केला, त्यांच्या मिसेस चार वर्षांपूर्वीच गेलेल्या. वरचं नाव बदललं, वय बदललं, माजी सैनिक टाकलं, मुलं सुना जुळतच होत्या म्हणून शेवटची ओळ तशीच राहिली. मग काकांच्या मुलांच्या ग्रुपवर पाठवलं, एक पुण्याला, एक बंगलोरला, मुलगी संगमनेरला, तिघांचे अंगठे आले. तिघांचे! कुणाच्याच लक्षात आलं नाही की आई राहिली. मला त्यांना दोष द्यायचा नाही, बाप गेलेल्या माणसाला काय दिसतं त्या वेळी. पण खरं सांगू का, नऊ वर्षं काकू बोलत नव्हत्या ना, तर आपण सगळ्यांनी त्यांना मोजणंच सोडून दिलेलं. कुणी भेटायला आलं की दारातून काकांनाच विचारायचं, कशा आहेत आता? आत बसलेल्या काकूंना कुणी विचारायचं नाही. मी पण नाही.

हे लक्षात आलं ते कामाच्या मावशींच्या. काका रोज सकाळी काकूंना पेपर वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून नाही, निधन वार्तेपासून, कारण त्यात ओळखीचं कुणी आहे का हे काकूंना आधी लागायचं. तर त्या दिवशी मावशींनी वाचायला घेतलं. सातवी शिकलेल्या आहेत, अडखळत वाचतात. वाचून झाल्यावर मला वर बोलावलं आणि म्हणाल्या, "दादा, यात बाईंचं कुठंय?" मी पेपर हातात घेतला तर काकूंनी डाव्या हाताने तो ओढून परत मांडीवर ठेवला, काकांच्या फोटोवर बोट ठेवलं, तिथून खाली ओळीवर आणलं, दोन मुले, सुना, मुलगी, जावई असं सरकत सरकत पूर्णविरामापर्यंत नेलं आणि परत मागे आणलं. असं तीनदा. मग माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोललो, छपाईची चूक असेल काकू वगैरे. खोटं बोललो.

आता काकांबद्दल सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस एका शब्दासाठी एवढं का लिहितोय.

काका मूळ सिन्नर तालुक्यातले. १९६६ ला तोफखान्यात भरती झाले, ट्रेनिंग इथेच नाशिकरोड कॅम्पात, म्हणजे घरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणायचे, "काश्मीरला असतो तर एवढी आठवण आली नसती, सिन्नरची एसटी गेटासमोरून जायची ना, तेच वाईट." मे १९७० ला लग्न. वीस दिवस सुट्टी होती, त्यातले सहा देवदर्शनात आणि पाहुण्यांत गेले. आणि १९७१ च्या डिसेंबरला लढाई.

लढाईचं ते फार सांगायचे नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे तेव्हा पाच मिनिटं बोलून खाली बसायचे. मला मात्र गच्चीवर बिडी ओढताना तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं आहे (बिडी काकूंपासून चोरून, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत. नंतर चोरायची गरज नव्हती तर ओढायचंच सोडलं). त्यांची रेजिमेंट शकरगडच्या बाजूला होती, जम्मू आणि पठाणकोटच्या मधे पाकिस्तानचा जो तुकडा आत घुसलाय तो भाग. बसंतरची लढाई तिथलीच, अरुण खेत्रपाल तिथेच गेले, १६ डिसेंबरला, वय २१, परमवीर चक्र. काका २४ चे होते. "माझ्यापेक्षा लहान पोरगा," एवढंच म्हणायचे. काकांकडे पंचवीस पौंडी तोफ होती, इंग्रजांच्या काळातली, आणि काकांचं काम गोळे उचलून द्यायचं. एक गोळा अकरा किलोच्या वर. रात्रभर उचला. थंडी अशी की लोखंडाला हात चिकटतो आणि नळी अशी तापलेली की जवळ गेलं तर तोंड भाजतं. कानात कापूस, तो पण अर्ध्या वेळेला पडलेला. डावा कान तिथेच गेला, उजवा नंतर हळूहळू.

एक गोष्ट त्यांनी मला दोनतीनदा सांगितली. ढाक्यात १६ तारखेला शरणागती झाली हे सगळ्यांना माहिती आहे, जनरल नियाझीचा सही करतानाचा फोटो दरवर्षी छापता तुम्ही, पण पश्चिमेकडे लढाई थांबली १७ तारखेला, रात्री आठ वाजता. तर आठला ऑर्डर आली आणि सगळ्या तोफा एकदम बंद. काका म्हणायचे, "मला वाटलं कान गेले. शेजारच्याचे ओठ हलत होते का बघत होतो अंधारात. मग लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, ते उजव्या कानाला ऐकू आलं, तेव्हा रडलो." बास. पुढे काही नाही, बिडी विझवायचे आणि खाली जायचे.

लढाई संपली म्हणून माणसं लगेच घरी आली असं नाही झालं. सिमला करार १९७२ च्या जुलैमध्ये, आणि जिंकलेल्या जमिनीवरून फौज मागे आली ती थेट त्या वर्षीच्या डिसेंबरात. तोवर काका तिकडंच, खंदकात. आणि इकडं ७२ चा दुष्काळ. सिन्नर म्हणजे आधीच कोरडं. काकू तेव्हा एकवीस वर्षांच्या, सासूबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, तांबडा मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी खाऊन. त्यांनी त्या वेळी ५६ एपीओच्या, म्हणजे फौजेच्या पोस्टाच्या, पत्त्यावर टाकलेलं एक आंतरदेशीय पत्र काकांनी जपून ठेवलेलं, मी बघितलंय, झेरॉक्स माझ्याच दुकानात काढलेली. काकू चौथी शिकलेल्या, अक्षर टपोरं. त्यात लिहिलंय, आमच्याकडं पाऊस नाही, तुमच्याकडं पडला का. लढाईचा एक शब्द नाही. काका ते पत्र दाखवून हसायचे, म्हणायचे, "सगळ्या बॅटरीने (म्हणजे त्यांच्या तोफांच्या तुकडीने) वाचलं हे, महिनाभर मला विचारायचे, क्यों मराठे, बारिश हुई क्या."

पुढचं भरभर सांगतो. सुभेदार होऊन १९९२ ला रिटायर, मग एका बँकेत गार्ड, तीन पोरांची शिक्षणं, लग्नं, हा फ्लॅट. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल कपाटात. देवळालीच्या रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या काचा थरथरतात, तेव्हा हा कानाने अधू माणूस खिडकीच्या चौकटीवर तळहात ठेवून सांगायचा, "बोफोर्स. एकशे पंचावन्न." बरोबर असायचं का देव जाणे, तपासणार कोण.

मग २०१६ चा नोव्हेंबर. नोटबंदी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी चहा गाळता गाळता काकूंच्या हातातून गाळणं पडलं आणि त्या खाली बसल्या. डाव्या मेंदूत रक्ताची गाठ, त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम. दवाखान्यात डिपॉझिट रोख मागत होते आणि काकांकडे सगळ्या पाचशेच्या जुन्या नोटा. बिल्डिंगने शंभर-शंभरच्या नोटा गोळा केल्या. तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ आपल्या नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये कामाला होते, रविवार-सुट्टी काही नाही, दिवसरात्र पाचशेच्या नोटा छापत होते आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोकडे वीस रुपये मागत होते. असो, विषय तो नाही.

काकू घरी आल्या तेव्हा त्यांच्याकडे शब्द उरले होते चार. हो, नाही, अगंबाई, आणि चहा. त्यातही हो आणि नाही उलटसुलट व्हायचं. पण गंमत अशी की आरती लावली की पूर्ण म्हणायच्या, एक अक्षर न चुकता. डॉक्टर म्हणाले पाठ असलेलं आणि गाण्यातलं कधी कधी राहतं, ते मेंदूच्या दुसऱ्या भागातून येतं. काकांनी ते बरोबर उचललं. सकाळी व्यायाम घेताना एक दोन तीन चार चालीवर म्हणायचे, परेडसारखं, आणि काकू पाचपासून पुढे म्हणायच्या. आम्हाला खाली ऐकू यायचं. एक बहिरा आणि एक मुकी, दोघांचा आवाज सगळ्या बिल्डिंगमध्ये मोठा.

मुलांनी सांगून पाहिलं, सेंटरला ठेवू, चोवीस तास बाई ठेवू. यावरून भांडणं झाली, मोठी झाली, दिवाळीला एक जण आलाच नाही एका वर्षी. काका हट्टी होते हे मी लपवणार नाही. शेवटी सकाळी तीन तास मावशी एवढंच मान्य केलं, बाकी सगळं स्वतः. काकूंना पलंगावरून उचलायचं कसं हे फिजिओवाल्या पोरीने शिकवायला घेतलं तर तिला म्हणाले, "बेटा, गोळा पाठीने उचलत नाहीत, गुडघ्याने उचलतात, मला माहितीये." भाकरी शिकले, पहिले सहा महिने तिचा नकाशाच व्हायचा. भाजी फौजेतल्या लंगरच्या मापाने, दोन माणसांना आठ माणसांची, मग वाटी आमच्याकडे. काकूंना गाऊन आवडायचा नाही तर बसल्या-बसल्या पाचवारी नेसवायला शिकले, निऱ्या आधी स्वतःच्या बोटांवर घालून मग खोचायच्या. वेणी मात्र शेवटपर्यंत दोरखंडासारखी. कॅन्टीनचा रमचा कोटा प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि व्हीलचेअरचं चाक बसवून देणारा यांच्यात वाटला जायचा, एक थेंब स्वतः घ्यायचे नाहीत, म्हणायचे रात्री उठावं लागतं.

आणि रात्रीचं सांगायचं तर, काकूंना हाक मारता येत नाही आणि मारली तरी काकांना ऐकू येत नाही. मग काय केलं असेल? परकराची नाडी. एक टोक काकूंच्या डाव्या मनगटाला, दुसरं काकांच्या. काकूंनी ओढलं की काका उठणार. नऊ वर्षं दोघं असे झोपले. मला हे कसं कळलं ते पुढे येईल.

वटपौर्णिमेचं सांगितलंच पाहिजे. आमच्या मागच्या बाजूला एक वड आहे, कॉलनीतल्या सगळ्या बायका तिथेच येतात. काकूंचं पहिल्या वर्षी चुकलं, त्या दिवसभर जेवल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. दुसऱ्या वर्षी सकाळी बघतो तर काका व्हीलचेअर ढकलत चाललेत, काकू हिरव्या साडीत, मांडीवर ताट, आंबा, सूत सगळं. वडाखाली बायकांची गर्दी. काकांनी व्हीलचेअर लॉक केली, सुताचं टोक काकूंच्या हातात दिलं, गुंडी स्वतः घेतली आणि लागले की फेऱ्या मारायला! चप्पल काढून, पॅन्ट वर दुमडून, मुळांवरून अडखळत. बायका तोंडाला पदर लावून हसतायत. एक आजी म्हणाल्या, "अहो सुभेदार, हाच नवरा मिळू दे म्हणायचं असतं, तुम्ही काय मागताय?" काकांना काही ऐकू गेलं नाही, ते म्हणाले, "नाही नाही, चारच झाल्यात, तीन राहिल्यात." काकू एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या की सूत सुटलं हातातून. मग परत पहिल्यापासून. त्यानंतर दरवर्षी, कोरोनाच्या वर्षी तर गेटमधल्या कुंडीतल्या फांदीलाच सूत गुंडाळलं. आठ वेळा.

आता नावाचं. हे मला जास्त लागलंय ते यामुळेच. तुम्हाला माहितीये आपल्याकडं लग्नात बायकोचं नाव बदलतात. काकूंचं माहेरचं एक, लग्नातलं दुसरं, आणि घरी हाक मारायचं तिसरं. १९७० ला फौजेच्या रेकॉर्डला कारकुनाने लिहिलं ते माहेरचं, आधारवर लग्नातलं, बँकेत आणखी काहीतरी. काका होते तोवर कुणाला फरक पडत नव्हता, पण आपल्यामागे फॅमिली पेन्शनला हिला हेलपाटे बसतील हे काकांनी ओळखलं. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या तीस टक्के असते, फार नसते, पण ती तिची असते ना. दोन वर्षं लागली. प्रतिज्ञापत्र माझ्या दुकानात टाइप झालं, चार वेळा, कारण प्रत्येक वेळी समोरचा एक काना-मात्रा नवीन काढायचा. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, सगळीकडं सारखंच. पेपरला नावदुरुस्तीची जाहिरात द्यावी लागते, ती तुमच्याच पेपरात दिलेली, मीच पाठवली होती, छोटी, पान आठला, सैनिक नंबर अमुक, माझ्या पत्नीचे खरे नाव हेच आहे अशी. काकांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. मी म्हणालो, काका याला लॅमिनेशन कशाला, जाहिरात आहे. म्हणाले, "तिचं नाव पेपरात आलंय, पहिल्यांदा."

आणि मग सही. बँकेत आणि सगळीकडं सांगत होते, आजींचा उजवा हात गेलाय तर अंगठा चालेल. काका पेटले. "चौथी पास आहे ती, अंगठा का लावील?" वर्षभर डाव्या हाताने गिरवून घेतलं, पाटीवर, खरोखरची पाटी, कुठून आणली माहीत नाही, हल्ली मिळतात का त्या. आधी पहिलं अक्षर, महिनाभर तेच. तुमच्या पेपरच्या समासात पण गिरवलेलं असायचं, रद्दीत दिसायचं मला. शेवटी पूर्ण नाव यायला लागलं, वाकडं, पण पूर्ण. बँकेच्या बाईंनी सही बघून मान हलवली तेव्हा काकांनी काउंटरसमोर सॅल्यूट मारला. लोक बघत होते. लाजायचे नाहीत ते असल्या बाबतीत.

गेले ते पहाटे. पलंगाशेजारच्या खाटेवर, झोपेत, हार्ट. मला साडेपाचला वरून टण टण ऐकू आलं, स्टीलचं काहीतरी पलंगाच्या दांड्यावर आपटल्यासारखं. मी कूस बदलली. वाटलं, कुणाचं तरी पाण्याचं काम चालू असेल. दहा मिनिटं तरी तसंच चाललं असेल मग बायको म्हणाली हे काकूंकडून येतंय. माझ्याकडे त्यांची चावी होती. आत गेलो तर काकू फुलपात्र आपटत होत्या, डाव्या हाताने, आणि त्याच मनगटाला नाडी, ताणलेली, दुसऱ्या टोकाला काकांचा हात खाटेबाहेर ओढला गेलेला. मला सोडवता येईना, हात कापत होते. मावशी आल्यावर त्यांनी सोडवली.

अंत्यविधीला माणसं बरीच होती, भाषणं पण झाली. देशसेवा, सीमेवर, शूरवीर, सगळं झालं, आणि ते खोटं नाही. चौकात फ्लेक्स लागला, त्याच्यावर मागे लढाऊ विमान. तोफखान्याचा माणूस हो! फ्लेक्सवाल्या पोराला मी म्हणालो तोफ टाक, तर म्हणाला, दादा, तोफेची इमेज चांगली येत नाही.

दहाव्यानंतर कपाट लावताना मुलीला वह्या सापडल्या, लाँगबुक, नऊ. फौजेत रोजनामचा लिहायची सवय असते तसं रोजचं लिहिलेलं, वेळ चोवीस तासांची. मुलगी दुकानात घेऊन आली, म्हणाली भाऊ याचे फोटो काढून तिघांना पाठवता का. मी दोन रात्री तेच करतोय. काही इथे उतरवतो, तिची परवानगी घेतलीये.

०६१५ चहा अर्धा कप. सांडला नाही.
१६०० चाल १४ पावलं. कालपेक्षा २ जास्त.
१९१० मी ओरडलो. चूक माझी.
१९४० अजून बोलत नाही. (खरंतर ती बोलतच नाही. पण कळतं.)
२०३० माफी. हसली.

अशी नऊ वर्षं. बीपी, गोळ्या, संडास, पावलं. लॉकडाऊनमध्ये फिजिओ येत नव्हती तेव्हाची वही सगळ्यात जाड. हसली हा शब्द किती वेळा आहे ते मोजायला घेतलं होतं, मधेच सोडलं.

तर विनंती अशी आहे. सोबत वेगळ्या कागदावर दुरुस्त मजकूर दिलाय, नावं त्यातच आहेत, इथे मुद्दाम लिहिली नाहीत. शेवटची ओळ बदललीये, त्यांच्या पश्चात पत्नी, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, रेकॉर्डला दुरुस्त झालंय तेच, काना-मात्रा बघून घ्या, मग बाकीचे. मुलांना दाखवलंय, या वेळी तिघांनी वाचून मग हो म्हटलंय. नियमाप्रमाणे दुरुस्ती छोट्या अक्षरात जाते हे माहितीये, छोटी चालेल, पण निधन वार्तेच्याच कॉलममध्ये टाका, कारण मावशी तिथूनच वाचायला सुरुवात करतात. पैसे लागत असतील तर माझ्याकडून घ्या, बिल दुकानाच्या नावाने करा.

कागदाच्या खाली सही आहे ती काकूंची. काल संध्याकाळी मी कागद घेऊन गेलो, खरं काय झालं ते सांगितलं, की छपाईची चूक नव्हती, मी केली. काकू म्हणाल्या, "अगंबाई." मग पेन मागितला. वीस मिनिटं लागली. तिसरं अक्षर ओळीच्या खाली गेलंय पण नाव पूर्ण आहे.

आपला,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

ता.क. छापून आलं तर त्या दिवशीचे दोन अंक जास्तीचे बाजूला ठेवायला सांगा, एजंटकडून घेऊन जाईन. एक लॅमिनेट करायचाय.